न्यूसम २०२६ मध्ये पुन्हा कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होऊ शकतात का?

नाही. तिथे गव्हर्नरपदावर आयुष्यात दोनदाच निवडून येता येतं. गॅव्हिन न्यूसम २०१८ आणि २०२२ मध्ये आले, त्यांच्या दोन्ही संधी संपल्या. ३ नोव्हेंबर २०२६ ची निवडणूक नव्या माणसासाठी. विधानसभेच्या सगळ्या ८० जागाही त्याच दिवशी.

पण खरी चाळणी लागते २ जूनच्या प्राथमिक फेरीत. पक्ष कोणताही असो, सर्वाधिक मतांचे पहिले दोघंच पुढे जातात, अगदी एकाच पक्षाचे असले तरी! म्हणून मला जूनचं मत नोव्हेंबरइतकंच मोलाचं वाटतं.

मतपत्रिका टपालाने घरी येते, परत पाठवताना तिकीटही लागत नाही. पाकिटावरची सही मात्र शांतपणे करा. नोंदीतल्या सहीशी जुळली नाही, तर आधी ती दुरुस्त करावी लागते, मगच मत मोजलं जातं.