माझा मुलगा ५ वर्षांचा आहे, रात्री खूप घोरतो. डॉक्टर हृदयाचीही तपासणी करा म्हणतात. घोरण्याचा हृदयाशी खरंच संबंध असतो का?

असतो. आणि “घोरतंय म्हंजे गाढ झोपलंय की लेकरू” असं घरात कोणी म्हणत असेल तर त्यांचं ऐकू नका. मी दीड वर्ष ऐकलं.

आम्ही सोलापूरचे. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता. आमच्या गल्लीत रात्रपाळीचे माग चालतात, त्या खडखडाटात त्याचं घोरणं विरून जायचं. एप्रिलमध्ये एका रात्री लाइट गेली, माग बंद पडले. आम्ही गच्चीवर झोपलो होतो. त्या शांततेत त्याचं घोरणं मधेच तुटलेलं मला ऐकू आलं. उठून बसले. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. पोट वर-खाली होत होतं, पण नाकाखाली बोट धरलं तर वाराच नाही. मी आकडे मोजायला लागले. अकराला त्यानं घशातून खर्रकन आवाज काढला, अंग झटकलं, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागला. बनियन घामानं चिंब. तासभर बसले, तेच परत परत.

सकाळी सांगितलं तर मोठे दीर म्हणाले, “आपल्या घरात सगळेच घोरतात. बाबा घोरायचे, मी घोरतो. काय झालं आम्हाला?”

सर्दीचं औषध त्याआधी दोनदा घेऊन झालं होतं. या वेळी तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो बघितल्याबरोबर विचारलं, “अंथरूण ओलं करतो का? शाळेतून तक्रार येते का?” दोन्ही होतं. बाई म्हणायच्या, एका जागी बसत नाही. मोठ्या माणसाची झोप अशी मोडली की तो दिवसा पेंगतो, लहान मूल बऱ्याचदा उलट चुळबुळं आणि चिडकं होतं, हे मला तिथे कळलं. गादी ओली केली म्हणून मी त्याला मारलंही होतं. अजून आठवलं की पोटात कालवतं.

आता तुमचा प्रश्न. साधारण २ ते ८ या वयात टॉन्सिल आणि नाकामागचे अ‍ॅडिनॉइड घशाच्या मानानं मोठे असतात. झोपेत स्नायू सैल पडले की वाट बंद होते. या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यांच्यात रक्त ढकलायला हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. शिवाय दर वेळी मेंदू दचकवून जागं करतो, तेव्हा ठोके आणि बीपी एकदम चढतात. रोज रात्री हेच झालं तर बीपी वाढलेलं राहू शकतं, हृदयाची भिंत जाड होऊ शकते. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२१ मध्ये मुलांच्या या आजारावर वेगळं निवेदन काढलं. त्यांच्या अंदाजानं १ ते ६ टक्के मुलांना तो असतो. आमच्या टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, उजव्या बाजूचा दाब थोडा वाढलेला निघाला. स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास मोजायची तपासणी, पुण्याला केली, तासाला १४ वेळा श्वास अडकत होता. मोठ्यांमध्ये पाचच्या आत असेल तर चालतं, मुलांमध्ये एकाच्या वर गेलं तरी डॉक्टर लक्ष घालतात.

टॉन्सिल काढायचं ऑपरेशन ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “टॉन्सिल राखणदार असतात बाई, कापू नये.” नवरा डळमळला. मी नाही. दिवाळीच्या सुट्टीत केलं. दहा दिवस घसा दुखला, मऊ भात आणि गार दूध यावर काढले, शेंगाचटणी डोळ्यांसमोरूनसुद्धा हलवली. सुजेमुळे सुरुवातीला घोरणं चालूच होतं. बाराव्या रात्री मी दचकून उठले, कारण काही आवाजच नव्हता. बोट धरलं. तोंड मिटलेलं होतं आणि नाकातून संथ वारा येत होता. सहा महिन्यांनी केलेला इको नॉर्मल आला.

मोठे दीर अजूनही गड्ड्याच्या यात्रेला घर भरलं की चार माणसांत म्हणतात, “उगाच लेकराची कापाकापी केली.” सासरे ५८व्या वर्षी रात्री झोपेतच गेले, हार्ट अटॅकनं. घोरण्यामुळेच गेले असं मी म्हणणार नाही. बीपी होतं, तंबाखू होती. पण “काय झालं आम्हाला” हे त्या घरात तरी कोणी विचारू नये.

एक मात्र खरं, घोरणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार नसतो आणि प्रत्येकाला ऑपरेशनही लागत नाही. ५ ते ९ वर्षांच्या मुलांवरचा २०१३चा एक अमेरिकन अभ्यास आहे. त्यात ऑपरेशन न करता सात महिने नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची स्लीप स्टडी आपोआप सुधारली. सौम्य असेल तर नाकातल्या स्प्रेवरही भागतं. वजन जास्त असेल तर ऑपरेशननंतरही त्रास उरू शकतो. हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, दिरांनी नाही. व्हिडिओ काढताना लाइट लावा, छाती उघडी ठेवा, आवाज बंद करू नका. बीपी लहान मुलांच्या पट्ट्यानंच मोजायला सांगा.

आणि गादी ओली होत असेल तर त्याला रागावू नका. आमच्याकडे ऑपरेशननंतर दोन महिन्यांत ते थांबलं.