ख्रिस्ती लोक ‘पवित्रीकरण’ म्हणतात ते नेमकं काय? आणि ते येतं कुठून?

शब्द ऐकला की सोवळं-ओवळं आठवतं, पण मूळ अर्थ वेगळा आहे. हिब्रू ‘कादोश’ म्हणजे देवासाठी वेगळं काढलेलं. देव्हाऱ्यातला तांब्या घ्या. पितळ तेच, बाजारही तोच, पण त्यातून कोणी ताक पीत नाही. तो वेगळा ठेवलाय, बस्स.

आता स्रोत. इथेच बहुतेकांची गल्लत होते. उपास, प्रार्थना, दानधर्म करून माणूस स्वतःला पवित्र करतो, असं नाही. पवित्र करणारा देव. ख्रिस्ताच्या बलिदानामुळे आणि पवित्र आत्म्याच्या द्वारे. येशूचा प्रेषित पौल, ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत, त्याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्राच्या सुरुवातीलाच ‘ख्रिस्त येशूत पवित्र केलेले’ म्हटलंय, आणि पुढे त्यांचीच भांडणं, कोर्टकज्जे काढून चांगलं झापलंय! म्हणजे दर्जा आधी मिळतो, वागणं मागून सुधारत जातं. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला मात्र तो सांगतो की तुमचं पवित्रीकरण व्हावं ही देवाची इच्छा आहे (थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र ४:३). तिथे रोजच्या वागण्याचा प्रश्न आहे.

नीतिमान ठरणं (म्हणजे देवापुढे निर्दोष ठरणं) आणि पवित्र होत जाणं या दोन गोष्टी प्रॉटेस्टंट वेगळ्या धरतात, कॅथलिक शिकवणीत त्या एकत्र गुंफलेल्या आहेत. वाद जुना आहे, १६व्या शतकापासूनचा.

मी ठाण्याचा. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चबाहेर एकदा शेजारचे काका म्हणाले, “तुम्ही रविवारी पवित्र होऊन येता, मग सोमवारी पार्किंगवरून भांडता कसे?” म्हटलं, काका, काम चालू आहे.