गौताळ्याच्या रानात बाटलीतलं पाणी संपलं, तर ओढ्याचं पाणी पिण्याजोगं कसं करायचं?

एप्रिलमध्ये अंतूर किल्ल्याकडं निघालाय आणि वाट चुकली तर काय, असं तुम्ही विचारलंय. मी इथल्याच कन्नड गावचा, म्हणून या रानापुरतं सांगतो.

उकळणं सगळ्यात खात्रीचं. खळखळून उकळी आली की एक मिनिट तशीच ठेवायची, आपल्या डोंगरांच्या उंचीला तेवढं पुरतं. पण एप्रिलमध्ये गौताळ्यात काडी ओढू नका. गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका ठिणगीनं डोंगर पेटतो आणि त्या वणव्यात आधी तुम्हीच सापडाल.

त्या दिवसांत आपल्याकडं ऊन मात्र भरपूर. बिनरंगी, चरे न पडलेली, दोन लिटरपर्यंतची प्लास्टिकची बाटली भरा, लेबल काढा आणि तापलेल्या खडकावर आडवी ठेवा. कडक उन्हात सहा तासांत जंतू मरतात. आभाळ असेल तर दोन दिवस लागतात. पाणी नितळ हवं, गढुळात ऊन आतपर्यंत पोचत नाही. म्हणून आधी उपरण्याच्या चार घड्या करून त्यातून गाळा आणि निवळू द्या. नुसत्या गाळण्यावर थांबू नका, कापडातून जंतू आरामात निसटतात. क्लोरीनच्या गोळ्या जवळ असतील तर सहा तास थांबायची गरज नाही. पाकिटावरचं प्रमाण पाळा आणि निदान अर्धा तास वाट बघा. माझं ऐका, एक पाकीट सॅकमध्ये असूच द्या.

ओढा आटलेला असेल तर पात्रातल्या ओल्या वाळूत झिरा खोदा. पहिलं गढूळ पाणी उपसून फेका, मग हळूहळू बरं पाणी झिरपतं. तेही वरच्यासारखंच शुद्ध करायचं.

खाली शेतशिवारात उतरलात तर कपाशीच्या वावरातून येणारं पाणी सोडून द्या. फवारणीचं औषध उकळून जात नाही, उन्हानंही नाही. कुठलं पाणी घ्यायचं हे ठरवणं शुद्ध करण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आणि काहीच जमलं नाही, डोकं गरगरतंय, लघवी बंद झालीय, तर वावराचं नसलेलं पाणी गाळून पिऊन टाका. जुलाब लागले तर पुढं दवाखाना आहे, उष्माघात त्याच दुपारी जीव घेतो.