बर्फात राहून शेवाळ गोठून मरत का नाही?

समुद्रकाठच्या खाऱ्या सरोवरावर हिवाळ्यात बर्फ धरतो आणि त्यातच सूक्ष्म शेवाळ वाढतं, हे खरं का, आणि ते मरत कसं नाही, असं तुम्ही विचारलंय.

खरं आहे. मी नाशिकचा, आमच्या निफाडला पारा ४-५ अंशांवर आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, त्यामुळे थंडी म्हटली की नुकसानच डोळ्यांपुढे येतं. पण इथे गोम बर्फात आहे. खारं पाणी गोठताना मीठ बाहेर टाकतं. ते मीठ दाट खारवणी होऊन बर्फातल्या केसासारख्या नळ्यांत साठतं, आणि ही खारवणी काही गोठत नाही.

घरी बघायचं असेल तर लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ नि थोडी निळी शाई घालून फ्रीजरमध्ये ठेवा. मी ठेवलं होतं. (आईने मटारची पिशवी काढावी लागली म्हणून दोन दिवस ऐकवलं.) बर्फ टणक न होता रवाळ झाला, चमच्याने खरवडला जात होता आणि शाई आत धाग्यांसारखी उतरली होती. शेवाळाची वस्ती त्या धाग्यांत असते.

जपानमधल्या होक्काइदो बेटावरचं सारोमा सरोवर हे याचं नावाजलेलं ठिकाण. समुद्राला तोंड असलेलं, आपल्या चिल्कासारखं. तिथल्या बर्फाचा टवका उलटा केला तर तळाचे दोन-तीन सेंटिमीटर तपकिरी दिसतात. ते बहुतेक डायटम, म्हणजे काचेच्या डबीत राहणारं एकपेशी शेवाळ. वर हवा उणे वीस असली तरी तळ पाण्याला टेकलेला, म्हणजे उणे १.८ च्या आसपास; शिवाय खालून पोषक क्षार मिळत राहतात. काही जाती बर्फाचे स्फटिक वाढू न देणारी प्रथिनंही सोडतात.

माझ्या मते त्यांची खरी अडचण थंडी नाही, उजेड आहे. बर्फातून उजेड बऱ्यापैकी झिरपतो, पण वर पडलेल्या भुसभुशीत हिमाचा जाड थर बसला की अंधार. तरी वरच्या उजेडाच्या एखाद्या टक्क्यावरही ही मंडळी भागवतात. तपकिरी रंग त्याचसाठी, खाली पोचणारा निळा-हिरवा प्रकाश तो पकडतो.

वसंतात बर्फ वितळला की हे सगळं पाण्यात सुटतं. काही चिमुकले कवचधारी जीव खातात, काही तळाशी बसतं. त्याच सरोवरात लोक शिंपल्या आणि कालवं पाळतात.