‘छोटं सरकार’ लिहिण्याआधी

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तू ज्यांचं पत्रक लिहितेस त्या उमेदवारांच्या भूमिकांचा मसुदा वाचला. टेक्सासच्या प्रतिनिधिगृहासाठी रिपब्लिकन प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, उतरलेल्या माणसाच्या पत्रकात जे असायला हवं ते सगळं त्यात आहे. कर कमी, सरकार छोटं, उद्योगांना मोकळीक, पालकांना शाळा निवडायचा हक्क, सीमेवर कडक बंदोबस्त. मी त्या पक्षाचा नाही हे तुला ठाऊक आहे, तरी तू मलाच विचारलंस याचं बरं वाटलं. मतं बदलायला सांगणार नाही. पण माझी सगळी नोकरी शहराच्या अर्थखात्यात बजेटचे आकडे जुळवण्यात गेली, तेव्हा बोलणार ते पैशांबद्दलच.

आधी दोन वाक्यं काढून टाक. ‘वॉशिंग्टनची उधळपट्टी थांबवू’ हे राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये, बसणाऱ्या दीडशे आमदारांपैकी एकाच्या हातातलं काम नाही. आणि ‘आयकर कधीच येऊ देणार नाही’ हे तू ठळक अक्षरांत टाकलं आहेस. टेक्सासात लोकांच्या पगारावर राज्याचा आयकर नाहीच, आणि २०१९ मध्ये मतदारांनी घटनेतच त्याला बंदी घातली. जे आधीच झालंय ते करून दाखवू म्हणणाऱ्याला लोक मनातल्या मनात हसतात.

आता मालमत्ता कर. इथे घाई करू नकोस, कारण दारोदार फिरशील तेव्हा लोक याच विषयावर तुला उभं करून बोलतील. ऑक्टोबरच्या सुमारास घरी येतं ते बिल आईकडून मागून घे आणि समोर ठेव. त्यात एकच रक्कम नसते, ओळी असतात. शाळा, शहर, काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी), कम्युनिटी कॉलेज. बहुतेक घरांच्या बिलात सगळ्यात मोठी ओळ शाळेची असते. राज्य सरकारची ओळ शोधलीस तर सापडणार नाही, कारण राज्याने मालमत्ता कर लावायला घटनेचीच मनाई आहे. मग राज्याचा आमदार हा कर कमी करणार तरी कसा?

मुख्य वाटा दोन. पहिली म्हणजे शाळेच्या कराचा दर उतरवायचा किंवा घरमालकाची सूट वाढवायची, आणि शाळांना पडलेली तूट राज्याच्या तिजोरीतून भरून द्यायची. २०२३ मध्ये होमस्टेडची सूट, म्हणजे राहत्या घराच्या किमतीतला शाळेच्या करातून वगळलेला भाग, ४०,००० डॉलरवरून १,००,००० झाली, २०२५ मध्ये ती १,४०,००० झाली, ती याच वाटेने. दुसरी म्हणजे शहरांना आणि काउंटीला लगाम घालायचा. २०१९ च्या कायद्यानुसार मोठ्या शहरांना जुन्या मालमत्तांवरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन टक्क्यांहून जास्त वाढवायचं असेल तर मतदान घ्यावं लागतं. आधी ही मर्यादा आठ टक्के होती. आमच्या खात्यात त्या कायद्याला कोणी फारसं प्रेमाने आठवायचं नाही, पण त्यामुळे बजेट मांडताना हात आखडला जायचा हेही खरं. तुझे उमेदवार या दोन वाटांपैकी कोणत्या वाटेने जाणार ते पत्रकात लिही.

पहिल्या वाटेने जाणार असतील तर एक गोष्ट त्यांच्या कानावर घाल. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी, म्हणजे महापालिकांचा स्थानिक संस्था कर, माफ झाला. व्यापारी खूश झाले, आणि महापालिकांना त्या पैशांसाठी राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसावं लागलं. ज्याच्या तिजोरीतून पैसे येतात त्याचीच मर्जी सांभाळावी लागते. ‘स्थानिक कारभार स्थानिकांच्या हाती’ हे तुमच्या पत्रकातलं तिसरं वाक्य आहे, त्याच्याशी हे कसं जुळवणार? शिवाय २०२३ च्या अधिवेशनाच्या तोंडावर राज्याकडे ३२.७ अब्ज डॉलरची शिल्लक दिसत होती, म्हणून एवढी सवलत परवडली. राज्याचा मोठा आधार ६.२५ टक्क्यांचा विक्रीकर, आणि मंदी आली की माणूस आधी खरेदी थांबवतो. त्या वर्षी शाळांची तूट कोण भरणार, याला तुझ्या मसुद्यात उत्तर नाही.

कॅन्ससचं उदाहरण विरोधक काढतीलच, तेव्हा तयारीत राहा. गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ मध्ये आयकर घसघशीत कापला आणि एलएलसीसारख्या (मर्यादित जबाबदारीच्या) धंद्यांच्या मालकांना त्या उत्पन्नावरचा कर माफच केला. खर्च त्या मानाने उतरला नाही, तिजोरीला भोक पडलं. २०१७ मध्ये ती कपात बरीचशी मागे घेतली गेली, तीही रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने गव्हर्नरचा व्हेटो (नकाराधिकार) धुडकावून.

‘निरुपयोगी खाती बंद करू’ हे वाक्य ठेव, पण त्याला हाडं-मांस दे. टेक्सासात १९७७ पासून सनसेटची पद्धत आहे. राज्याच्या बहुतेक खात्यांचा साधारण बारा वर्षांनी फेरआढावा होतो, आणि विधिमंडळाने मुदत वाढवली नाही तर खातं बंद होतं. पुढच्या अधिवेशनात कोणाची पाळी आहे ती यादी उघड असते. त्यातलं एक खातं निवड, ते का नको ते दोन ओळींत लिही. तुमच्या बाजूच्या फार थोड्या उमेदवारांनी ती यादी उघडून पाहिलेली असते.

शाळा निवडण्याच्या मुद्द्यावर कायदा २०२५ मध्येच झाला, एक अब्ज डॉलर ठेवले गेले. आता अंमलबजावणीबद्दल बोला, पुरे. सीमेवर तू लिहिलंयस तसंच राहू दे.

नियमांच्या जाचाबद्दल मात्र तू फार सरधोपट लिहिलं आहेस. फेब्रुवारी २०२१ ची थंडी, राज्यभर वीज गेली होती ती, तुला आठवत असेल. आमच्या स्वयंपाकघरातला पाइप फुटला होता आणि तुझी मामी दोन स्वेटर चढवून मेणबत्तीच्या उजेडात फरशी पुसत होती. राज्याने अधिकृत मोजणीत २४६ मृत्यू धरले. वीजकेंद्रं थंडीसाठी सज्ज ठेवा, असं २०११ च्या गारठ्यानंतरच्या अहवालात सांगितलेलं होतं, पण सक्ती झाली नव्हती. ती केली २०२१ च्या विधिमंडळाने, आणि तिथे बहुमत तुमचंच होतं. तेव्हा सगळेच नियम वाईट असं लिहिलंस तर तुमच्याच लोकांनी केलेलं एक चांगलं काम खोडल्यासारखं होईल. उलटीही बाजू आहे. २०२३ मध्ये शहरांना कामगार, मालमत्ता वगैरे विषयांत राज्याच्या पलीकडे जाऊन नियम करण्यापासून रोखणारा कायदा झाला. ऑस्टिन आणि डॅलसमध्ये बांधकाम मजुरांना दर चार तासांनी दहा मिनिटांची विश्रांती देण्याचा नियम होता, कायद्याचा रोख अशा नियमांवरच होता. धंदेवाल्यांना प्रत्येक शहरात वेगळा नियम नको, हे मला पटतं. पण ऑगस्टात इथल्या उन्हात छपरावर काम करणाऱ्याला पाणी प्यायला वेळ मिळावा की नाही, हे डॅलसने ठरवू नये आणि ऑस्टिनच्या विधिमंडळानेही ठरवू नये, असं कसं चालेल? उमेदवारांना हा प्रश्न विचार, आणि ते जे म्हणतील ते तसंच्या तसं लिही.

विधिमंडळ दर विषम वर्षी १४० दिवस भरतं, पगार महिन्याला ६०० डॉलर. नवख्या आमदाराची दोन-तीन विधेयकं पार पडली तरी खूप झालं. तुझ्या मसुद्यात सतरा आश्वासनं आहेत, त्यातली पाच ठेव.

आणि एक काम याच आठवड्यात कर. टेक्सासात आमदारकीच्या उमेदवाराला कोणी किती देणगी द्यावी यावर मर्यादा नाही, पण कोणी दिली ते एथिक्स कमिशनकडे, म्हणजे देणग्यांचा हिशेब ठेवणाऱ्या राज्याच्या आयोगाकडे, दाखल करावं लागतं. तुझ्या उमेदवारांचे अहवाल तू स्वतः वाच. वीज कंपन्या आणि बिल्डर त्यात कितपत आहेत ते बघ, आणि मगच मालमत्ता कराचा आणि नियमांचा असे ते दोन परिच्छेद नव्याने लिहायला घे.

तुझा,
मामा