खुनी तुरुंगात गेल्यावर डोमेस्टिक होमिसाइड रिव्ह्यू करून काय मिळतं?

नवऱ्याला शिक्षा झाली, मग आता कशाला उकरायचं, असं तुम्ही विचारलंय. हेच आमच्या इथल्या मंडळातले एक काका मला सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून लिहिते.

खटल्यात खुनाच्या रात्रीबद्दल विचारतात. त्याआधीच्या वर्षांबद्दल कोणी विचारत नाही, ते काम रिव्ह्यूचं, म्हणजे घरच्या माणसाने केलेल्या खुनानंतर आधी काय काय घडलं हे तपासणाऱ्या चौकशीचं. 2004 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातलं कलम 9 एप्रिल 2011 मध्ये लागू झालं, तेव्हापासून इंग्लंड आणि वेल्समध्ये तो होतो. पोलीस, कौन्सिल (स्थानिक पालिका), एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) आपापल्या नोंदी तारीखवार मांडतात, अध्यक्ष बाहेरचा असतो.

माझी मैत्रीण गेली तेव्हा जीपीकडच्या, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडच्या नोंदीत पाठदुखी आणि झोप न लागणं एवढंच होतं. असणारच! दुभाषा म्हणून शेजारी नवराच बसायचा. पासपोर्ट त्याच्या कपाटात, फोन त्याच्या हातात, भिशीला येणं त्याने बंद केलेलं, हे कुठल्याच खात्याच्या कागदावर नव्हतं. ते आम्हा बायकांना माहीत होतं. अध्यक्षबाईंनी बोलावलं तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यावर काका म्हणाले, लक्तरं वेशीवर टांगलीस, तिच्या आईवडिलांच्या अब्रूचा तरी विचार करायचा.

तिची आई सांगलीहून फोनवर तासन्‌तास बोलली. तिला बोलायचंच होतं, आजवर कोणी विचारलंच नव्हतं. अहवालात खरं नाव छापत नाहीत, तिथे लेकीसाठी तिने स्वतःच्या आईचं नाव सुचवलं. अब्रूची काळजी गप्प बसणाऱ्यांना होती, त्या माउलीला नव्हती. आणि गप्प बसण्याचा फायदा मारणाऱ्यालाच होतो, हे माझं ठाम मत आहे.

शिफारस आली: बाईला एकटीला भेटा, नातेवाइकाला दुभाषा करू नका. हे आधीच्या कितीतरी अहवालांतही आहे, म्हणजे शिकणं फार सावकाश चाललंय. रिव्ह्यू करणारं पॅनेल कोणाला शिक्षाही करू शकत नाही. पण 2016 च्या मार्गदर्शक सूचनांपासून छळाला कंटाळून केलेल्या आत्महत्याही यात येतात, हे मोठं काम झालं.

ओळखीत कोणाचा रिव्ह्यू चालू असेल तर पत्राची वाट न बघता अध्यक्षांना स्वतः लिहा. घरच्यांसोबत बसायला 'ॲडव्होकसी आफ्टर फेटल डोमेस्टिक अब्यूज'वाल्या आफडा (AAFDA) संस्थेची माणसं येतात. मंडळाची परवानगी लागत नाही.