मनगटाचे प्लास्टर निघाले. फिजिओथेरपिस्ट यंत्र लावून दुसऱ्या रुग्णाकडे जातात, हे योग्य आहे का?

यंत्र चालू असताना जाण्यात गैर काही नाही, मात्र प्रत्येक भेटीत थोडा वेळ तरी त्यांचे लक्ष केवळ तुमच्या मनगटावर असायला हवे. शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवर घसरून मोडलेली मनगटे आमच्या दापोली-गुहागर पट्ट्यात दर पावसाळ्यात येतात, आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून माझा अनुभव असा की टेन्स किंवा आयएफटी या, त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणाऱ्या यंत्रांनी वेदना तात्पुरती कमी होते, परंतु आखडलेला सांधा व्यायामानेच मोकळा होतो. म्हणून गोनिओमीटरने सांध्याचा कोन मोजणे, हाताने सांधा हलवणे आणि तळहात पालथा करताना तुमचे कोपर अंगापासून सुटते का (बहुतेकांचे सुटते, आणि हात वळल्याचा नुसता भास होतो) हे पाहणे मदतनिसावर सोपवू नये. मागच्या वेळचा कोन किती होता, हे निःसंकोच विचारा. एसटीने येण्याजाण्यातच अर्धा दिवस जात असेल, तर घरी करायचे व्यायाम त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा. मात्र हात सुजून लालसर किंवा गरम झाला, अथवा नुसता स्पर्शही सोसवेनासा झाला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.